बिब्याचा हात

॥ श्री ॥
मोखाडा, पौष वद्य ४, शके १८३४

तीर्थरूप नवसूदादास धाकट्या गोजाबाईचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वहिनीचा खोकला गेला हे वाचून जिवाला बरं वाटलं. हे पत्र मी टपालात टाकत नाही, भागीच्या हाती देते आहे. आपली भागी आता जामसरला नांदते आणि दर आठवड्याला इथल्या बाजाराला येते. टपाल आधी धन्यांच्या हाती पडतं, म्हणून यापुढे तूही तिच्याकडेच देत जा.

चैतीला जाऊन दोन महिने झाले. ताप आला आणि पोर गेली एवढंच तेव्हा तुला कळवलं होतं. खरं काय झालं ते आज सांगते. चार दिवस तिचा ताप उतरेना. पाचव्या दिवशी सकाळी तिनं डोळे फिरवले. जव्हारच्या दवाखान्यात न्यायची म्हणून मी तिला गोधडीत गुंडाळून अंगणात आले. गाडी जुंपलेलीच होती. पण धन्यांनी ती कोणा अंमलदाराच्या मुक्कामाचं सामान पोचवायला लावून दिली. मी गाडीपुढे आडवी झाले, तर म्हणाले की पोरीचा ताप उद्या उतरेल, पाटीलकी मात्र उद्या मिळायची नाही. दुसऱ्या दिवशी दिवस मावळता चैती गेली. गाडी आली ती तिसऱ्या दिवशी.

पाटीलकी मिळाली. आता घराला वारस हवा म्हणून धनी दुसरं लग्न करताहेत. सूर्यमाळच्या जिवाची मुलगी पोशी, सोळा वर्षांची आहे. वैशाखातला मुहूर्त धरलाय. मला कोणी विचारलं नाही. सासूबाई गौराबाई चुलीपाशी बसून नागली निवडत होत्या, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. त्या बाईला दगड म्हटलं तर दगडाला राग येईल.

आणखी एक. पाटलाला खुर्ची हवी, म्हणून शिसवीची हातांची खुर्ची करवून घेतली आहे. ती तुझ्याकडे रोगणाला येते आहे. जव्हारपासून इथपर्यंत तुझ्यासारखी झळाळी कोणाला येत नाही असं चारचौघांत सांगतात. लाजही वाटत नाही. दादा, त्या खुर्चीवर थुंक आणि तशीच परत पाठव. एवढं माझ्यासाठी कर.

वहिनीस नमस्कार. माझी आठवण ठेवतोस तशीच ठेव.

तुझी,
गोजी


मोखाडा, पौष वद्य ७

रा. रा. नवसूभाऊ यांस भिकाजी पाटील मोखाडेकर यांजकडून रामराम विशेष.

सरकारनं आम्हांस पाटीलकीचा मान दिला हे आपल्या कानी आलंच असेल. सोबत खुर्ची पाठविली आहे. ती महालकऱ्यांच्या कचेरीत आहे तशी काळी कुळकुळीत व्हावी, तोंड पाहता यावं. उन्हाळ्यात घाम आला तरी अंगाला चिकटता कामा नये. खुर्ची आमच्या एकट्याच्या बसण्याची आहे, त्या अर्थी काम चोख असावं.

आमची मुलगी देवाघरी गेली, ईश्वरेच्छा. गोजाबाई अलीकडे फार अबोल झाली आहे. तिला दोन शहाणपणाच्या गोष्टी लिहाव्यात. शिमग्याच्या आत खुर्ची मिळावी. कळावे, आपला स्नेह आमच्या घराशी आहे तसाच वाढो.

भिकाजी पाटील


॥ श्री ॥
जव्हार, पौष वद्य १२

चि. सौ. गोजीस नवसूचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून मी करवत उचलली आणि मोखाड्याच्या वाटेला लागलो. वेशीपर्यंत गेलो होतो. तिथून तुझ्या वहिनीनं परत आणलं.

मग भिक्याचं पत्र आणि त्याची खुर्ची आली. ईश्वरेच्छा लिहितो! मामा म्हणून मी चैतीला कडेवर घेतलं ते दोनदाच. दुसऱ्यांदा तिनं माझ्या मिशीला लागलेली लाख ओढून काढली होती, आणि मी ओरडलो तशी खदखदून हसली होती.

खुर्ची मी परत पाठवणार नाही. नीट वाच आणि कागद चुलीत घाल. रोगणाच्या एकेका थराला आमच्या कामात हात म्हणतात. माझ्या काळ्या कामाला सात हात लागतात. खालचे तीन बिब्याचे. बिब्याचं तेल जवसाच्या तेलात घालून दोन दिवस मंद आगीवर शिजवतो, विष मरेपर्यंत. मग एकेक हात देऊन पाचपाच दिवस वाळवतो. वर दारूत विरघळवलेल्या चपडा लाखेचे चार हात, चिंधीच्या बोळ्यानं घासघासून. असं लाकूड वाळवी खात नाही, पाणी धरत नाही आणि अंगालाही काही करत नाही. संस्थानच्या नव्या कचेरीची दारं मी अशीच केली आहेत.

पण बिबा शिजवलाच नाही तर? तूही डोंगरातली आहेस, बिबा उतला म्हणजे काय होतं ते तुला सांगायला नको. शेवटचा हात मी कच्च्या बिब्याचा देईन. जिथं त्याचे हात टेकतील, जिथं पाठ टेकेल, तिथं. दिसायला आरशासारखी. वैशाखात घाम आला की कातडीत उतरेल. हळद लावायला बसेल तेव्हा अंगावर फोडांवाचून बोटभर जागा राहणार नाही.

तुझा होकार आला की कामाला लागतो. स्वतःला जप. भाऊ जिवंत आहे एवढं विसरू नकोस.

नवसू


॥ श्री ॥
मोखाडा, माघ शुद्ध ९

तीर्थरूप दादास शि. सा. न. वि. वि.

होकार.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दोन महिन्यांनी पोटभर जेवले. सासूबाईंनी टक लावून पाहिलं.

मी बारीक लक्ष ठेवून तुला लिहिते आहे. धनी बसतात तेव्हा उजवा हात कोपरापर्यंत टेकवतात आणि डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या टोकाशी वाजवत राहतात. उन्हाळ्यात घरात उघडेच असतात. विचार करताना हात गालावरून फिरवायची सवय आहे. तेव्हा हातांना दुप्पट लाव, म्हणजे तोंडापर्यंत आपोआप जाईल. खुर्चीवर दुसरं कोणी बसेल ही भीती नको. जुन्या बाकावर सासूबाई टेकल्या होत्या तर त्यांनासुद्धा उठवलं.

माणूस मरता कामा नये. मेला की सुटला. दहा दिवस अंगाची आग व्हावी, डोळे मिटावेत आणि हाक मारल्यावर कोणी येऊ नये. चैतीनं मला शेवटी पाणी मागितलं तेव्हा तिला मी दिसत नव्हते. तसं.

पोशी बापाबरोबर घर बघायला आली होती. मला वाटलं होतं तिचा द्वेष करीन, केलाही. तिच्या तळव्यांना भेगा होत्या. सूर्यमाळला आत्ताच पाण्यासाठी दरी उतरावी लागते म्हणाली. परसात मी एकटी असताना तिनं विचारलं की पाटील मारतात का. मी म्हटलं, मारत नाहीत, त्यांना त्याची गरज पडत नाही. तिला काही कळलं नाही. जाताना माझ्या पाया पडली, तेव्हा पाय मागे घ्यावेसे वाटले.

काम कुठवर आलं ते कळव. बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस. तुझ्या रोगणासारखी दाट ठेव.

गोजी


॥ श्री ॥
जव्हार, फाल्गुन शुद्ध ५

चि. सौ. गोजीस आशीर्वाद.

खुर्ची आज गाडीत घालून पाठवली. आता जे लिहितो ते वाचून तू मला बोल लावशील. लाव.

खुर्चीवर कच्चा बिबा नाही.

तीन हात शिजवलेल्या बिब्याचे दिले, चार लाखेचे. शेवटच्या हातासाठी कच्चं तेल करवंटीत काढून ठेवलं होतं. दोन दिवस ते समोर ठेवून बसलो. वीस वर्षं मी लाकडावर हात फिरवला तो ते टिकावं, बसणाऱ्याला सुख व्हावं म्हणून. बोळा बुडवला की हात थांबायचा. भिक्याची दया आली असं समजू नकोस. समोर असता तर करवंटी त्याच्या डोक्यावर ओतली असती. पण लाकडावर लावता येईना.

दुसरंही मनात आलं. ती खुर्ची रोज पुसणार कोण? तूच ना. पहिली तू भाजली असतीस.

झळाळी मात्र अशी आली आहे की माझीच नजर लागेल. त्याचं वाईट वाटतं. गोजी, तू इकडे निघून ये. दोन खोल्या आहेत, तुझी वहिनी रोज विचारते. शिमग्याला ये आणि परत जाऊ नकोस. मला क्षमा कर असं म्हणत नाही, पण बोलणं टाकू नकोस.

नवसू


मोखाडा, फाल्गुन वद्य २

रा. रा. नवसू मिस्त्री, जव्हार, यांस गोजाबाईचा नमस्कार.

आपण पाठविलेली खुर्ची पोचली. काम उत्तम झालं आहे. शिमग्याला सगळा गाव ती बघायला आला. आपल्या मेहुण्यांनी तिच्यावर बसून पान खाल्लं आणि प्रत्येकाला सांगितलं की हे आमच्या बायकोच्या भावानं आपल्या हातानं केलं. खुर्चीत त्यांचं तोंड दिसतं. मी रोज सकाळी ती पुसते तेव्हा माझंही दिसतं.

आपला हात लाकडासाठी थांबला. चैतीच्या कपाळावर ठेवला असता तर कळलं असतं हात कशाला म्हणतात. आपल्याला आपल्या कामाचं पावित्र्य जपायचं होतं, ते जपलं गेलं. माझ्याजवळ जपायला काही उरलेलं नाही.

बिबे काही जव्हारलाच होत नाहीत. आमच्या परसामागं झाड आहे आणि टोपलीभर बिबे माळ्यावर पडले आहेत. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी आज लिहिते: भिका. भिका. भिका. लिहिलं, आणि काही झालं नाही.

आपला लोभ आपल्यापाशी ठेवावा.

गोजाबाई


॥ श्री ॥
जव्हार, फाल्गुन वद्य ७

गोजी, तुला पोटभर आशीर्वाद.

भागी वाटेत थांबली आहे, म्हणून चार ओळी. तुझा राग कबूल. पण तू ते करू नकोस. कच्चा बिबा हाताला लागला की चारचौघांत हातच बोलतात. तुझं वाकडं झालं तर मी कोणासाठी जपलं म्हणायचं? केलंच असशील तर साबणानं धुऊ नकोस. आधी राखेनं कोरडं कर आणि खोबरेल लाव. परत तोंडाला हात लावू नकोस. भागीच्या हाती नुसतं “बरी आहे” एवढं तरी लिहून धाड. मला मिस्त्री म्हणालीस त्यामुळे दोन दिवस अन्नावर वासना नाही.

तुझाच दादा


॥ श्री ॥
मोखाडा, चैत्र शुद्ध ११, शके १८३५

तीर्थरूप दादास शि. सा. न. वि. वि.

बरी आहे. बोटं अजून वळत नाहीत म्हणून अक्षर वेडंवाकडं येतंय.

तुझं पत्र मिळालं त्याच्या आदल्या दिवशीच काम झालं होतं. भिका शेतावर गेला होता, सासूबाई ओढ्यावर. मी बिब्यांना तापली सुई टोचून ते दिव्याच्या आचेवर धरले आणि थेंब थेंब करवंटीत पाडला. वाटी भरायला दोन दुपारी गेल्या. थोडं तिळाचं तेल घालून चिंधीनं खुर्चीला लावलं, तर तुझ्या झळाळीवर ओघळ दिसायला लागले. कितीही पुसलं तरी धूसर. भिक्याच्या नजरेतून सुटलं नसतं. मग चिंधी टाकली आणि तळहातानं चोळलं. हात, पाठ, बैठक. तळहाताच्या उबेनं ते असं बसलं की खुर्ची पहिल्यापेक्षा चमकली. आपले हात जाणार हे मला चोळतानाच कळत होतं, दादा. थांबले नाही.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझे तळवे टरारले आणि त्याची पाठ. दुपारपर्यंत कोपरापासून बोटांपर्यंत फोड. गालाला हात लावायची सवय होतीच. दुसऱ्या दिवशी तोंड घागरीएवढं झालं, डोळे मिटले. मी सांगितलं की उकळत्या हंड्यानं माझे हात भाजले. सासूबाईंनी माझे दोन्ही हात उजेडात नेले, नखांत बघितलं, खूप वेळ बघितलं. मग कोनाड्यातलं खोबरेल आणून स्वतः लावलं आणि गेल्या.

चौथ्या दिवशी भर दुपारी भिका ओरडायला लागला की गाडी जुंपा, मला जव्हारच्या दवाखान्यात न्या. गडी बैलांचं आंबोण आणायला गेले होते. मी दारात उभी राहिले. म्हटलं, गाडी नाही, अंमलदाराचं सामान पोचवायला गेली आहे. तेवढ्यात गोठ्यात बैलानं मान हलवली आणि घुंगरं वाजली. त्यानं ऐकलं. मला वाटलं आता शिव्या देईल, पण त्यानं नुसतं विचारलं की तिथे कोण आहे.

सासूबाई चुलीपाशीच होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या उठून गोठ्यात गेल्या. मला वाटलं बैल सोडून जुंपतील. पण परत आल्या त्या ओच्यात दोन्ही बैलांची घुंगरं घेऊन. ती त्यांनी पिठाच्या डब्यात ठेवली आणि पुन्हा नागली निवडायला बसल्या. दादा, ज्या बाईला मी पाच महिने दगड म्हणत आले ती चैतीचं नाव न काढता तिच्यासाठी जळत होती. मला कधी कळलं नाही.

असे पाच दिवस. माझ्या हातांची आग व्हायची तेव्हा मी त्याचं कण्हणं ऐकत बसायची, मग आग सोसायची. तुला खोटं कशाला सांगू, इतकं बरं मला कशानंच वाटलं नव्हतं.

आता त्याचे डोळे उघडलेत. नवसूनं खुर्चीत कच्चा बिबा घातला असं तो सगळीकडे सांगतोय. संस्थानात अर्ज लिहून घेतला आहे आणि खुर्ची किंतानात गुंडाळून पुरावा म्हणून जव्हारला पाठवतो आहे. पोशीचा बाप जिवाही येणार, त्याला बघायचंय दोष खुर्चीचा की माणसाचा. तुझ्यावर बालंट आलं ते माझ्यामुळे. तू सरळ माझं नाव सांग. मी पुढे येऊन हात दाखवीन. मागच्या पत्रात तुला जे लिहिलं ते फाडून टाक आणि पूर्वीसारखी माया कर.

गोजी


॥ श्री ॥
जव्हार, चैत्र वद्य ८

चि. सौ. गोजीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी पोचलं, खुर्ची मंगळवारी. बरं झालं, नाहीतर मी आपली शपथ घेऊन बसलो असतो की खुर्चीत काही नाही, आणि शेजारच्याला बसवून मोकळा झालो असतो.

खुर्ची कचेरीच्या ओसरीवर ठेवली होती आणि पट्टेवाला तिथून हलेना. पुसायची सोय नव्हती. बांधकामावरच्या ओव्हरसियरांनी मला बोलावलं. इंग्रजी हद्दीतल्या पाटलाचा अर्ज आहे, तुम्ही कामात बिबा वापरता हे खरं का, असं विचारलं. मी म्हटलं, खरं, शिजवून वापरतो, समोरचं दार त्याचंच आहे. ते म्हणाले की खुर्चीत कच्चा निघाला तर नुसतं काम जाणार नाही, संस्थानची हद्द सोडावी लागेल. पंधरावीस माणसं जमली होती. जिवा सूर्यमाळकर एका कडेला काठी टेकून उभा होता.

तुझं नाव जिभेवर आलंच नाही, म्हणून गिळावंही लागलं नाही. मी बंडी काढली आणि खुर्चीत बसलो. पाठ टेकली, दोन्ही हात टेकले. म्हटलं, एक तास बसतो, कचेरीचा टोल पडेल तेव्हा उठेन. ऊन ओसरीत येत होतं. घाम पाठीवरून खाली उतरताना कळत होता, आणि तो कशातून वाट काढत उतरतोय तेही. बिबा लगेच बोलत नाही हे मला माहीत. बघणाऱ्यांतल्या कोणाच्याही ध्यानात आलं नाही. कोणी पान दिलं, ते खाल्लं. ओव्हरसियर म्हणाले, झळाळी मात्र नामी आहे.

टोल पडला. जिवानं पुढं येऊन माझा दंड अंगठ्यानं दाबून बघितला, मग पाठ बघितली. कोरी. तो म्हणाला की लाकूड स्वच्छ आहे, म्हणजे खोट माणसाच्या रक्तात आहे, आणि फोड नवरा-बायको दोघांनाही आलेत म्हणजे ती घरातच आहे. माझी मुलगी त्या घरात जायची नाही. बोलून तसाच चालू पडला. सोयरिकीचं लुगडं परत करायला तो वाटेत तुमच्याकडे थांबणार होता, थांबला असेलच. अर्ज फेटाळला.

माझ्या पाठीचं तिसऱ्या दिवशी सुरू झालं. हात सरावलेले आहेत, त्यांना फार काही नाही, पण पाठ माझी लहान मुलासारखी कोवळी निघाली. चैत्राच्या उन्हात बंडी घालून कचेरीच्या छताला लाख लावतो आहे. लोकांना सांगितलं की सर्दी आहे. तुझी वहिनी रोज पालथं घालून खोबरेल लावते आणि तुझ्या-माझ्या दोघांच्याही अकलेचा उद्धार करते. परवा तेल लावतालावता रडली. चैतीला तिनं कधी पाहिलंच नाही, त्याचं रडली.

लाकडाला लावायला माझा हात थांबला होता, गोजी. अंगावर घ्यायला थांबला नाही. आता तरी मिस्त्री म्हणू नकोस.

खुर्ची न्यायला कोणी आलं नाही. काचकागदानं घासून वरचा हात काढून टाकतो. तू मात्र आता ये. झालं ते पुरे झालं. गाडी मी पाठवतो. वाट पाहतो आहे, माया आहे तिथंच आहे.

तुझा दादा,
नवसू


॥ श्री ॥
मोखाडा, वैशाख शुद्ध ४

तीर्थरूप माझ्या दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. इतके दिवस मी त्यांच्यापासून कागद लपवत होते, आता काय लपवायचं. तू खुर्चीत बसलास ते ऐकून त्या म्हणाल्या की भाऊ असावा तर असा, आणि पुन्हा एकदा तेवढंच वाचायला लावलं. पाठीला तीळ वाटून लावावेत असा त्यांचा निरोप आहे.

जिवानं लुगडं परत केलं. पोशी परवा बाजारात दिसली, डोक्यावर मोहाची पाटी होती. माझ्या बाजूला तिनं पाहिलं नाही. आमच्या घरावरून जाताना लोक पोरांना पलीकडून नेतात. पाटीलकी आहे, पण कागद घेऊन येणारे अंगणातूनच बोलतात. भिक्याच्या अंगावरचे फोड वाळले, काळे डाग राहिले आहेत.

त्याला मी सांगणार नव्हते. सासूबाईंनी सांगितलं. तो जेवायला बसला होता, त्याच्यापुढे बसून त्यांनी सांगितलं की पहिल्या दिवशीच मी ओळखलं होतं, तुझ्या बायकोनं आपले हात घालून तुला जाळलं, आणि घुंगरं मी काढून ठेवली. बाहेर बोललास तर गाडी कुठं गेली होती ते मी बाजाराच्या दिवशी चव्हाट्यावर उभी राहून सांगेन. ते पाटलाची आई सांगेल. त्यानं ऐकून घेतलं. अर्जात त्यानं तुझं नाव लिहिलं होतं, आता बायकोचं लिहिलं तर सगळा महाल हसेल, हे त्यालाही कळतं. त्या दिवसापासून घरात तो आमच्या दोघींशी हळू आवाजात बोलतो.

गाडी पाठवू नकोस, दादा. मी येणार नाही. तुला वाटेल सासूबाईंसाठी राहते. थोडं तसंही आहे. पण झालं ते पुरे झालं असं तू लिहिलंस, ते माझ्या मनाला पटत नाही. तुझी पाठ भरून येईल. माझे तळवे भरत आले. चैती चार वर्षांचीच राहील. मी निघून आले तर तो आठ दिवसांत मोकळा श्वास घेईल, वर्षभरात दुसरी पोशी शोधेल. इथे मी असताना तसं होणार नाही.

माझ्या हातांची जुनी कातडी गेली, नवी आली आहे ती गुलाबी आणि जागोजाग काळी. रोज सकाळी मी नागलीची भाकरी थापते आणि त्याच्या ताटात वाढते. तो आधी माझ्या हातांकडे बघतो, पालथे, उताणे, नखांपर्यंत. मग भाकरीकडे बघतो. भूक लागलेली असते, म्हणून शेवटी तुकडा मोडतोच. मी उठून जात नाही, तो जेवून उठेपर्यंत समोर बसते. कधी मधेच हात पदराखाली घेते. तेव्हा त्याचा घास तोंडाशी थांबतो, आणि मी हात बाहेर काढीपर्यंत तिथंच राहतो.

वहिनीला माझा नमस्कार, आणि तिनं तुझ्या पाठीवर गाळलेल्या आसवांसाठी आणखी एक. तुम्हा दोघांची माया अशीच राहू दे.

तुझी,
गोजी